डाव्या हाताने जेवायचे की नाही? व्यवसायोपचारात रुग्णाच्या संस्कृतीचा विचार विद्यार्थ्यांना कसा शिकवावा?

ओंजळ:

नमस्कार. मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, म्हणजे आजारानंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करते. गेली सहा वर्षे एका रुग्णालयात काम करते आणि आंतरवासितेसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षणही पाहते. या क्षेत्रातली अनुभवी मंडळी इथे आहेत, म्हणून एक प्रसंग आणि त्यातून निर्माण झालेला प्रश्न मांडते.

सातारा जिल्ह्यातले ६७ वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ पक्षाघातानंतर आमच्याकडे येतात. उजवी बाजू गेली आहे, बोलणे शाबूत आहे, डावा हात उत्तम चालतो. माझ्या विद्यार्थिनीने पुस्तकात शिकवल्याप्रमाणे उद्दिष्ट लिहिले, की रुग्ण चार आठवड्यांत डाव्या हाताने, कोणाच्याही मदतीशिवाय जेवू लागेल. आजोबांनी पहिल्याच दिवशी ताट बाजूला सारले. "ज्या हातानं धुतो, त्याच हातानं घास घेऊ व्हय?" एवढेच ते म्हणाले आणि सून भरवू लागल्यावर निमूटपणे जेवले. विद्यार्थिनीने नोंदवहीत लिहिले, "रुग्ण सहकार्य करत नाही." ते वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण ती मुलगी स्वतः सांगलीजवळच्या गावातली आहे आणि तिच्या घरी डाव्या हाताने प्रसाद घेतला तर तिची आजी हात मागे घेते. घरी तिला जे पुरेपूर ठाऊक होते, ते पांढरा कोट चढवल्यावर तिला दिसेनासे झाले.

आमची मोजमापाची साधने या बाबतीत मदत करत नाहीत. रोजची कामे रुग्ण किती स्वतःहून करतो हे मोजणारा, १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक आम्ही रोज वापरतो. त्यात दहा बाबी आणि एकूण १०० गुण आहेत. त्याच्या प्रचलित नमुन्यात जेवणाच्या बाबीखाली मदतीचे उदाहरण म्हणून अन्न कापणे आणि लोणी लावणे लिहिलेले आहे. भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवणे, भात कालवून त्याचा घास बोटांच्या टोकांवर गोळा करणे, ही कौशल्ये सुरीकाट्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असूनही त्या कागदावर त्यांना जागा नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. या आजोबांच्या बाबतीत आपण काय केले असते? आणि संस्कृती हा विषय विद्यार्थ्यांना नेमका कसा शिकवावा? आमच्याकडे समाजशास्त्राच्या तासांना कुटुंब, विवाह, जात अशी प्रकरणे होतात, परीक्षेत टिपा लिहिल्या जातात आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत त्यातले काहीही पोहोचत नाही.

जुना विद्यार्थी:

ओंजळताई, त्या विद्यार्थिनीवर रागावू नका. आमच्या पिढीने याहून मोठ्या चुका केल्या आहेत. त्यांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

थोडे मागे जातो, कारण आपल्या व्यवसायाची कुंडली पाहिली तर हा प्रश्न कुठून आला ते समजते. भारतातले व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. त्या मूळच्या अमेरिकन. विवाहानंतर त्या इथल्याच झाल्या. पुढे दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, जागतिक व्यवसायोपचार महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे या क्षेत्रात आपण मागाहून आलेले नाही, सुरुवातीपासून पंगतीला बसलेले आहोत. तरीही ताटातले पदार्थ मात्र बाहेरून येत राहिले. पुस्तके, चाचण्या, मूल्यमापनाचे तक्ते हे सगळे इंग्रजीत आणि दुसऱ्यांच्या घरांकडे पाहून लिहिलेले.

नावाचेच पाहा. "ऑक्युपेशन" म्हणजे माणूस दिवसभरात जे जे अर्थपूर्ण काम करतो ते सर्व, मग ते दात घासणे असो, देवपूजा असो की नातवाला गोष्ट सांगणे. मराठीत आपण त्याला "व्यवसाय" म्हटले आणि रुग्ण विचारू लागले, की तुम्ही मला धंदा लावून देणार का. बरे, "ऑक्युपेशनल थेरपी"चे लघुरूप म्हणून "ओटी" म्हणावे तर रुग्णालयात त्याचा अर्थ शस्त्रक्रियागृह! "याला ओटीत न्या" हे ऐकून घाबरून रडू लागलेली एक म्हातारी मला अजून आठवते. तेव्हा "आम्ही काय करतो" हे समजावताना रुग्णाच्या दिवसापासून सुरुवात करावी, हे मी त्या म्हातारीकडून शिकलो.

आता मूळ मुद्दा. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे या दोन गोष्टींनी आपल्या व्यवसायाला संस्कृती म्हणजे काय ते सर्वांत आधी शिकवले. खुर्चीवरून उठबस करायला गुडघा शंभर अंशांच्या आसपास वाकला तरी भागते. पूर्ण उकिडवे बसायचे तर तो १३० अंशांच्याही पुढे जावा लागतो. म्हणून पाश्चात्त्य तक्त्यानुसार "पूर्ण बरा" झालेला माणूस आपल्या गावातल्या शौचालयात, पंगतीत, भजनात किंवा भांगलणीला निरुपयोगी ठरू शकतो. जयपूर फूटचे उदाहरण विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात ते पाऊल घडवले. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नव्हता आणि तो घालून खाली बसता येत नव्हते. लोक तो मिळाल्यावरही कोपऱ्यात ठेवत आणि कुबडी घेऊन शेतात जात. अनवाणी चालता यावे, चिखलात उतरता यावे, उकिडवे बसता यावे या गरजांवरून नव्या पावलाचा आराखडा ठरला. लोक सहकार्य करत नाहीत, असे तेव्हाही कोणीतरी लिहिलेच असणार.

माझा स्वतःचा एक धडा. सोलापूरकडच्या एका बाईंच्या मनगटाजवळचे हाड मोडले होते. प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना पंधरा दिवस फळीवरच्या खुंट्या काढायला आणि घालायला लावत होतो. त्या मुकाट्याने करत आणि घरी गेल्यावर हात गळ्यात बांधून ठेवत. एक दिवस त्यांनी विचारले, "डॉक्टर, ह्या खुंट्या रवल्या की भाकरी येईल का थापता?" दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचे पीठ मागवले. पीठ मळताना मनगट मागे वळवून त्यावर भार द्यावा लागतो, थापताना तळहात सपाट ठेवून भाकरी गोल फिरवावी लागते, आणि तव्यावर टाकताना हाताचा पंजा उताणा-पालथा करावा लागतो. मला ज्या हालचाली हव्या होत्या त्या सगळ्या एका भाकरीत होत्या. त्या बाईंनी मला परातीत पाणी किती घ्यायचे तेही शिकवले. माझी भाकरी मात्र कधीच गोल झाली नाही.

तुमच्या आजोबांविषयी. अडचण डाव्या हातात नाही. दोन कामे एकाच हातावर आली, ही खरी अडचण आहे. म्हणून जेवणाकडे जाण्याआधी शौचाकडे जावे. कमोड खुर्ची आणि पाण्याचा फवारा यांची व्यवस्था झाली आणि धुण्याचे काम हातावरून उतरले, तर डाव्या हाताविषयीचे त्यांचे मत कदाचित बदलेल. चमचा चालतो का, ते विचारावे. बऱ्याच घरांत अन्नाला डाव्या हाताचा स्पर्श चालत नाही, पण डाव्या हातातला चमचा चालतो. उजव्या पंजावर पट्टा बांधून त्यात चमचा अडकवावा आणि डाव्या हाताने उजव्याला आधार देऊन घास तोंडाशी न्यावा, हाही मार्ग आहे. त्यात वेळ जातो, परंतु घास उजव्या हाताने घेतला जातो आणि पक्षाघात झालेल्या हाताला कामही मिळते.

परदेशस्थ:

मी मुंबईत पदवी घेऊन अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडला आले आणि आता लेस्टरमध्ये समाजसेवा विभागात काम करते. जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या गोष्टीची दुसरी बाजू मला इथे दिसली.

इथे रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी वृद्ध रुग्णाची स्वयंपाकघरातली चाचणी घेण्याचा प्रघात आहे आणि त्यासाठी बहुतेक वेळा एक कप चहा करायला सांगतात. विजेच्या किटलीत पाणी भरणे, कपात चहाची पुडी टाकणे, वरून थंड दूध ओतणे. पायऱ्यांचा क्रम, सुरक्षितता, स्मरणशक्ती हे सगळे त्यात पाहता येते. एका गुजराती आजींना या चाचणीत फार कमी गुण मिळाले. त्या पातेले शोधत राहिल्या, आले कुठे आहे ते विचारत राहिल्या आणि शेवटी किटलीत दूध ओतायला निघाल्या. "आकलनात गंभीर दोष" असा शेरा लिहिला जाणार होता. मी पातेले, दूध, चहापत्ती आणि गॅस दिल्यावर त्यांनी चार माणसांचा चहा उतू जाऊ न देता केला आणि एक कप माझ्या हातात ठेवला.

ही गोष्ट मी भारतीय व्याख्यानांत सांगते तेव्हा सगळे खूश होतात. पुढची सांगते तेव्हा कमी होतात. पहिल्या वर्षी मी एका एकट्या राहणाऱ्या इंग्रज गृहस्थांच्या घरी जात असे. वय ८१, पार्किन्सन्सचा आजार. शर्टाची बटणे लावायला त्यांना पाऊण तास लागे. मी दर भेटीत विचारत असे, की तुमचा मुलगा कुठे असतो, तो मदतीला येत नाही का. माझ्या मनात कणव होती. तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी माझ्या वरिष्ठांना कळवले, की या बाई मला अपयशी बाप समजतात. त्या पाऊण तासात ते रेडिओ ऐकत, स्वतःच्या हाताने बटणे लावत आणि तो पाऊण तास त्यांना हवा होता. मी "आपली" संस्कृती बरोबर घेऊन गेले होते आणि तिला माणुसकी समजत होते. विद्यार्थ्यांना रुग्णाची संस्कृती शिकवण्याआधी त्यांची स्वतःची दाखवून द्यावी, असे मला तेव्हापासून वाटते.

वाचनासाठी दोन-तीन दिशा सुचवते. टर्व्हालॉन आणि मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये "सांस्कृतिक नम्रता" ही कल्पना मांडली. दुसऱ्याची संस्कृती आपण कधीच पूर्ण "शिकून" मोकळे होत नाही, आपल्या बाजूचे पूर्वग्रह आणि आपल्या हातातली सत्ता सतत तपासत राहावी लागते, असा तिचा रोख आहे. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने "सांस्कृतिक सुरक्षितता" हा विचार परिचर्येच्या शिक्षणात आणला. सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे, देणाऱ्याने नव्हे, हे त्याचे मर्म.

आपल्याच क्षेत्रातले मायकेल इवामा हे जपानी-कॅनेडियन व्यवसायोपचार तज्ज्ञ. जपानमधल्या तज्ज्ञांना पाश्चात्त्य प्रारूपे रुग्णांशी जुळेनात, तेव्हा त्यांच्यासह इवामांनी "कावा" प्रारूप घडवले आणि २००६ मध्ये त्यावरचे पुस्तक आले. (मराठी माणसाला कावा म्हटले की गनिमी कावाच आठवतो. जपानीत त्याचा अर्थ नदी.) आयुष्य हा प्रवाह, अडचणी हे खडक, काठ आणि तळ म्हणजे भोवतालची माणसे व परिस्थिती, वाहत आलेली लाकडे म्हणजे स्वभाव आणि गाठीशी असलेले बरेवाईट. व्यवसायोपचार तज्ज्ञाने पाहायचे ते या सगळ्यांच्या मधल्या फटींकडे, जिथून पाणी अजूनही वाहू शकते. या चित्रात माणूस एकटा मध्यभागी नसतो, हे त्याचे वेगळेपण. मात्र तेही जसेच्या तसे उचलू नये. बीडकडच्या एका रुग्णाला माझ्या मैत्रिणीने नदी काढायला सांगितली, तर तो म्हणाला, "आमची नदी आठ महिने कोरडी असती, मी हीर काढू का?" त्याने विहीर काढली, तळाशी थोडे पाणी काढले आणि पोहऱ्याची दोरी तुटलेली दाखवली. त्या दोरीवरच पुढचे सगळे उपचार झाले.

वैनगंगा:

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले, आवडले. तरीही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. या चर्चेत "संस्कृती" हा शब्द घरच्या देव्हाऱ्यासारखा उच्चारला जात आहे, जणू ती सर्वांची एकच आहे आणि तिचा मान राखला की काम झाले.

आपल्या व्यवसायाच्या पायाशी हस्तकला आहेत. अमेरिकेत १९१७ साली या क्षेत्राची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, त्या काळात टोपल्या विणणे, माग, चामड्याचे काम हीच उपचाराची मुख्य साधने होती. तिथल्या मध्यमवर्गासाठी तो छंद होता, यंत्रयुगात हरवलेल्या हातकामाकडे परतण्याचा आनंद होता. महाराष्ट्रात त्याच वस्तूंवर जातींची नावे लिहिलेली आहेत. टोपली म्हणजे बुरूड, चामडे म्हणजे चर्मकार, केरसुणी आणि दोर म्हणजे मातंग. ऍलन यांची आकलनाची पातळी पाहणारी चाचणी आजही वापरात आहे. तिच्यात रुग्णाला चामड्याच्या तुकड्याच्या कडेने वाढत्या कठीणतेचे टाके घालायला लावतात. एखादा माळकरी चामड्याला हात लावत नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. त्याच चामड्याच्या तुकड्याने दुसऱ्या एखाद्याला काय आठवेल, हे मात्र विचारले जात नाही.

माझ्या आंतरवासितेतला प्रसंग. मनोविकार विभागातल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना आमच्या प्रशिक्षकांनी केरसुणी बांधण्याचे काम दिले. हेतू चांगला होता. "त्यांच्या पार्श्वभूमीला अनुरूप, परिचित काम" असे उद्दिष्टाखाली लिहिलेही होते. ते गृहस्थ नगरपालिकेत लिपिक होते. घराण्यात केरसुणी सोडून लेखणी धरलेले पहिले. त्यांनी काम केले, एक शब्द बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून विभागात येणे बंद केले. मी त्याच समाजातला आहे आणि मीही त्या दिवशी काही बोललो नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा असे आवाहन केले आणि पुढे लोकांनी गावकीची कामे नाकारली. ते नाकारणे हीसुद्धा आमची संस्कृतीच आहे. "परिचित काम" हा शब्द लिहिताना ते काम त्या माणसाने निवडले होते की त्याच्यावर लादले गेले होते, हे विचारायला हवे.

डाव्या हाताच्या प्रश्नातही विटाळाची कल्पना आहेच. आजोबांच्या ताटापुरती ती त्यांची खाजगी गोष्ट आहे आणि मी तिला धक्का लावणार नाही. पण उद्या एखादा रुग्ण म्हणाला, की अमुक विद्यार्थ्याने माझ्या अन्नाला हात लावू नये, तेव्हा "सांस्कृतिक आदर" या नावाखाली आपण काय करणार? तेव्हाचा नकार कसा द्यायचा, हेही प्रशिक्षणात असले पाहिजे. दहा वर्षांत मला ते कोणी शिकवले नाही.

आणखी एक. स्वावलंबन ही पाश्चात्त्य कल्पना आणि परस्परावलंबन ही आपली, अशी वाटणी मला पटत नाही. ज्या सातारा जिल्ह्यातले हे आजोबा आहेत, तिथेच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठरले. "कमवा आणि शिका" म्हणत वाढलेल्या मुलखात स्वावलंबन परके कसे असेल? आजोबांना ते नको आहे असे गृहीत धरू नका. कदाचित हवे आहे, जेवणात नको आहे, एवढेच.

अबोली:

मी या क्षेत्रातली नाही. सासऱ्यांच्या आजारपणात तीन वर्षे व्यवसायोपचार विभागाच्या बाकावर बसलेली सून आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

"आपल्याकडे कुटुंब काळजी घेते" हे वाक्य मी त्या बाकावर पुष्कळदा ऐकले. कुटुंब म्हणजे मी होते. सकाळी अंघोळ, तीन वेळा भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, आणि मग माझी शिवणकामाची ऑर्डर रात्री अकरानंतर. सासऱ्यांना माझ्या हातून जेवायला आवडते, ही त्यांची संस्कृती, असे तिथल्या ताईंनी कौतुकाने लिहून घेतले. मला काय झेपते ते एकदाही विचारले नाही. विचारले असते तरी सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मी "सगळे ठीक आहे" असेच सांगितले असते. कृपा करून सुनेला एकटीला बाहेर बोलावून विचारत जा. पाण्याच्या बाटलीच्या निमित्ताने बोलवा, वजन घ्यायच्या निमित्ताने बोलवा, पण एकटीला.

माझ्या पाठीचे दुखणे अजून आहे. सासरे जाऊन दोन वर्षे झाली.

चिमणचारा:

लहान मुलांच्या विभागातून थोडक्यात भर घालतो. "पाच वर्षांचा मुलगा स्वतः जेवत नाही" हे वाक्य आमच्याकडे विकासातील विलंब म्हणून नोंदवले जाते. अनेक घरांत आजी चिऊकाऊचे घास भरवते आणि मुलाने स्वतः जेवावे अशी अपेक्षाच नसते. म्हणून "करता येत नाही" आणि "करू दिलेले नाही" या दोन नोंदी मी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला लावतो. परदेशी चाचण्यांचे इथल्या मुलांसाठी रूपांतर करण्याचे प्रयत्न जुने आहेत. बडोद्याची विकास-चाचणी त्यातूनच आली. तरीही खासगी केंद्रांत अजून बर्फातल्या माणसाचे चित्र दाखवून मुलाला "हे काय?" विचारले जाते. लातूरच्या एका मुलाने "कापसाचा गणपती" असे उत्तर दिले होते. मी पूर्ण गुण दिले.

ओंजळ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

आम्ही आजोबांशी पुन्हा पहिल्यापासून बोललो. कॅनडात तयार झालेली एक मुलाखत-पद्धत आहे. तीत रुग्ण स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांना एक ते दहा गुण देतो. आजोबांना अंक सांगणे जमेना. "आता तुमच्या कामाला मी काय मार्क देऊ?" असे ते हसून म्हणाले. म्हणून विद्यार्थिनीने दहा खडे दिले आणि ज्या कामाची जास्त ओढ आहे तिथे जास्त ठेवा असे सांगितले. जेवणावर त्यांनी एकही खडा ठेवला नाही. सात खडे शौचावर ठेवले. सुनेने तांब्या आणून द्यावा आणि दाराबाहेर थांबावे, याने त्यांची झोप उडाली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळले. वैनगंगा, आपण लिहिले ते बरोबर निघाले. उरलेले तीन खडे एकादशीला टाळ वाजवण्यावर होते.

मग जुन्या विद्यार्थ्यांनी सुचवलेल्या क्रमाने गेलो. घरच्या भारतीय पद्धतीच्या शौचालयावर मधोमध उघडी कमोड खुर्ची बसवली, डाव्या हाताला येईल असा फवारा आणि भिंतीला धरायला दांडी लावली. फवारा धरायला हात लागतोच, पण त्यांच्या मते "त्यात हात लागत नाय, पाणी लागतं." हा भेद माझ्या डोक्यात कधीच आला नसता. आठवड्याभरात त्यांनी आपण होऊन चमचा मागितला. डाव्या हाताने, फक्त घरी, फक्त घरच्या माणसांसमोर. रुग्णालयात चार लोकांदेखत ते अजूनही चमचा धरत नाहीत. टाळासाठी उजव्या पंजाला पट्ट्याने एक टाळ बांधला आहे आणि डाव्या हाताने दुसरा त्यावर वाजवण्याचा सराव चालू आहे. त्यात खांदा आपोआप उचलला जातो, जो खुंट्यांच्या फळीवर पंधरा दिवस उचलला जात नव्हता.

अबोलीताई, सुनेला मी केसपेपरच्या झेरॉक्सच्या निमित्ताने खाली नेले. जिन्यातच ती बोलली. भरवण्याचे तिला विशेष काही वाटत नव्हते. सकाळच्या अंघोळीला त्यांना उचलताना तिची कंबर जात होती, आणि ती चार महिन्यांची गरोदर आहे, हे आमच्या कुठल्याही कागदावर नव्हते. अंघोळीसाठी आता खुर्ची आणि धाकट्या दिराची सकाळची पाळी ठरली आहे. दिराला तयार करायला आजोबांनीच शब्द टाकला. आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दुपारचा एक घास मी भरवते, तेवढं राहू द्या." तेवढे राहिले आहे. बार्थेलच्या तक्त्यात जेवणाचे गुण पाचच आहेत आणि विद्यार्थिनीने त्यापुढे तीन ओळींची टीप लिहिली आहे. "सहकार्य करत नाही" हे वाक्य तिने खोडले नाही. खाली तारीख घालून "प्रश्न चुकीचा विचारला होता" असे लिहिले आहे.

प्रशिक्षणाबद्दल परदेशस्थ यांनी सुचवलेले करून पाहिले. नव्या तुकडीतल्या नऊ विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात स्वतःच्या घराची नोंद लिहायला सांगितली. सर्वांत आधी कोण जेवते, स्वयंपाकघरात कोण केव्हा जात नाही, आजारी माणसाची खाट कुठे असते, डाव्या हाताने काय चालते, पाहुण्याला पाणी कोण देते. नऊ घरांची नऊ उत्तरे आली. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोघींच्या घरांत पाण्याचा माठ कोणी भरायचा यावर एकमत नव्हते. एका मुलाने कागद कोरा दिला आणि नंतर येऊन म्हणाला, की मॅडम, आमच्या घराबद्दल मला सगळ्यांसमोर लिहायचे नाही. वैनगंगा यांचा प्रतिसाद आधी वाचला असल्याने मी कारण विचारले नाही, आणि यापुढे ही नोंद माझ्याकडेही जमा करायची नाही, ती विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवायची, असे ठरवले. जागतिक महासंघाच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याला रुग्णांबरोबर एक हजार तास काढावेच लागतात. त्यांतले काही तास रुग्णाच्या घरी जावेत, यासाठी विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे.

रुग्णाने संस्कृतीच्या नावाखाली एखाद्या विद्यार्थ्याचा स्पर्श नाकारला तर काय करावे, या वैनगंगा यांच्या प्रश्नाचे लेखी धोरण आमच्याकडे नाही. कोणाच्या विभागात तसे काही लिहिलेले असल्यास त्याचा मसुदा इथे टाकावा, ही विनंती. पुढच्या सोमवारी नवी तुकडी येत आहे.